फळीवरचे नारळ

शकुबाईच्या घरात देव्हाऱ्याच्या वर एक लांब फळी होती आणि तिच्यावर कायम नारळांची ओळ. नव्या माणसाला वाटावं, बाईचं पूजासामानाचं दुकान आहे की काय. दुकानबिकान काही नव्हतं. शकुबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायची. पंचवटीत आणि गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पल्याड सराफ बाजार, रविवार कारंजापर्यंत कुणाच्याही घरी सुनेला नाहीतर माहेरी आलेल्या लेकीला सातवा लागला, की घरातली मोठी बाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन शकुबाईच्या दारात हजर. नारळ तिच्या पदरात घालायचा, आमचं न्हाणं तुमच्या हातचं म्हणायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. एवढ्यावर ते घर शकुबाईच्या नावावर बसायचं. मग ती तो नारळ फळीवर मांडायची. ज्यांचे दिवस आधी भरणार त्यांचा डावीकडे, मागाहूनच्यांचा उजवीकडे. कुठला नारळ कुणाच्या घरचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आता गंमत अशी, की पोरं काही नारळाच्या ओळीनं जन्माला येत नाहीत. कुणी आधीच टपकतं, कुणी दिवस पुढे रेटतं, आणि मग एकाच आठवड्यात तीन घरांतून बोलावणं. सकाळची घरं मात्र चारच. पाचवं करायची शकुबाईची तयारी असली तरी सूर्याची नसायची. बाळाला ऊन डोक्यावर यायच्या आत न्हाऊ घालून, धुरी देऊन निजवायचं असतं, आणि बाळंतीण न्हाल्याशिवाय ताटावर बसत नाही. पाचव्या घरी पोचेपर्यंत बाळ रडून काळंनिळं आणि बाळंतीण भुकेनं कासावीस. बरं, चार घरं भरली म्हणून पाचव्याला नाही म्हणावं, तर तीही सोय नव्हती. पोटुशी बाईच्या नावानं आलेला नारळ परत पाठवायचा नसतो. पाठवला तर त्या पोटातल्या जिवाचं काय होईल, हे कुणी तोंडानं बोलतसुद्धा नाही. तेव्हा सकाळ भरलेली असो नसो, नारळ आला की घ्यायचा.

मग एवढं सगळं उरकायचं कसं? त्यासाठी होती फुला.

फुला म्हणजे शकुबाईची धाकटी जाऊ. घोटीकडची, भातखाचरात वाढलेली. सहादूशी लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलायची नाही. दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लागून. सहादू पिंपळगावला कांद्याच्या आडतीवर हमाल, उजाडायच्या आत टेम्पोत बसून जायचा तो दिवेलागणीला यायचा. मूलबाळ झालं नव्हतं. पोरगी दिवसभर एकटी बसून काय करील, म्हणून शकुबाईनंच तिला हाताशी धरलं. टाळू कशी भरायची, पायावर घेतलेल्या बाळाची मान कशी तोलायची, बाळंतिणीचं पोट किती आवळून बांधायचं, सगळं शिकवलं. आणि घरं भरली, की फळीवरचा एखादा नारळ उचलून तिच्या हातात द्यायची. जिच्या हातात नारळ, तिचं ते घर. मग त्या घरी निरोप जायचा, की माझी सकाळ भरलीय, माझी जाऊ येईल. लोक खळखळ करायचे नाहीत. शकुबाईनं पाठवली ना, मग झालं.

अशी काही वर्षं बरी गेली. दोन जावांचं पटतं म्हटल्यावर गल्लीतल्या बायांना चैन पडेना, पण त्यांनाही भांडणाला काडी लावायला जागा सापडली नाही.

बिघडलं ते आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात. शकुबाईला हिवताप आला. एरवी कणकण अंगावर काढणारी बाई, पण ह्या वेळी तिच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, तिला उठूच दिलं नाही. तापल्या अंगानं लोकांच्या लेकरांना हात लावायचा नाही, म्हणाला, आणि ते खरंही होतं. फुलाकडे तेव्हा एकच घर होतं, तिनं शकुबाईचीही तीन घरं सांभाळली. ताप उतरल्यावर शकुबाई पहिली गेली ती सराफ बाजारात कुलथ्यांकडे. पाटावर बसून पाय पसरले, बाळाला पायावर घेतलं, तेल लावायला सुरुवात केली, आणि पोरानं जो टाहो फोडला तो अंग पुसेपर्यंत थांबवला नाही. कुलथ्यांची आजी दारात उभी राहून बघत होती. बिचारी साधी बाई, मनात काही नाही. हसत हसत म्हणाली, "शकुबाई, ह्याला तुमच्या जावेची सवय लागली बघा. ती न्हाऊ घालते ना, तर अंगावर पाणी पडत असतानाच झोपतो. राहिलेले दिवस तीच आली तरी चालेल. तुम्हालाही अशक्तपणा आहे."

शकुबाई हसली. दुसरं करते काय? पण घरी येताना रामकुंडाच्या पायऱ्यांवर ती टेकली आणि आपले हात उलटेपालटे करून बघत राहिली. ह्या हातांखालून किती पोरं गेली, त्यांतली काही तिच्या डोळ्यांसमोर शाळेत जातात, काहींची लग्नं ठरली. आणि आता काल आलेली घोटीची पोर, जिला टाळूवर तेल कसं थापायचं तेही ठाऊक नव्हतं, तिच्या हातात पोरं झोपतात. जळली शकुबाई. आडपडदा कशाला ठेवायचा, जळली. घरी आल्यावर फुलानं विचारलं, अक्का, बरं वाटलं का, तर तिच्याकडे न बघता ही म्हणाली, मला काय धाड भरलीय.

आणि एकदा का डोळ्यांत सललं, की सगळंच सलतं. शकुबाईची एकुलती लेक कौसल्या चांदवडला दिली होती. ती गौरी-गणपतीला माहेरी आली, तिलाही तेव्हा दिवस गेलेले, चौथा चालू. पिशवी आईच्या दारात टाकली आणि पोरगी सरळ काकीच्या घरात. लहानपणापासूनची खोड तिची. फुलाला मूल नाही म्हणून ती हिलाच मांडीवर घेऊन बसायची, केस विंचरायची, भाताच्या पेजेत तूप घालून भरवायची. तेव्हा शकुबाईला त्याचं कौतुक होतं, कारण तिला घरं करून आल्यावर पाठ टेकायला मिळायची. आता भिंतीपलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, की इकडे हिच्या भाकऱ्या करपायच्या.

मग नारळ येऊ लागले ते वेगळ्या बोलीचे. नारळ पदरात घालताना बाया म्हणायच्या, शकुबाई, तुम्ही या, नाहीतर फुलाबाई मोकळ्या असतील तर त्या आल्या तरी चालेल. आधी चालेल म्हणत, मग बरं होईल म्हणू लागल्या. एक जण तर नारळ घेऊन थेट फुलाच्याच दारात. फुलानं काय करावं? तो नारळ तसाच उचलून शेजारी आणला आणि अक्का, तुमच्या फळीवर ठेवा, तुम्ही द्याल तो माझा, म्हणाली. ह्यावर कुणाही माणसाचं मन विरघळलं असतं. पण जळणाऱ्याला समोरच्याचा चांगुलपणा म्हणजे आगीत तेल. शकुबाईला वाटलं, बघा, कशी गुणाची होऊन दाखवतेय. तिनं नारळ घेतला, फळीवर ठेवला, आणि त्या दिवसापासून फुलाच्या हातात नारळ देणं बंद केलं. घरं भरली तरी स्वतःच धावायची, पाचवं घर उशिरा का होईना, स्वतःच करायची. फुला सकाळी आवरून, केसांना तेल-पाणी करून, दारात बसलेली असायची. तिच्यापुढून ही चपला फटकारत जायची आणि परत यायची तेव्हा पाय ओढत यायची.

तरी लोक फुलाचं नाव काढायचे थांबेनात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रविवार कारंजावरच्या चांदोरकर वकिलांची आई नारळ घेऊन आली. सुनेला सातवा लागला होता. ह्या आजी म्हणजे मोठं प्रस्थ. महिला मंडळ, भजनी मंडळ, हळदीकुंकू, जिथं चार बाया जमतील तिथं ह्यांचा शब्द शेवटचा. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, तुमच्या जावेचं फार नाव ऐकते, तिचा हात कसा आहे हो?

शकुबाईनं बशी खाली ठेवली. पलीकडच्या घरात फुला काहीतरी गुणगुणत तांदूळ निवडत बसली होती, तिचा आवाज इथपर्यंत येत होता.

"तसं चांगलं करती," शकुबाई म्हणाली. "हात जरा जड हाय तिचा."

बस्, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. पण न्हाऊ घालणारीच्या बाबतीत याहून वाईट काय बोलायचं राहतं, सांगा बरं? कोवळ्या जिवाच्या हाडांशी खेळ असतो. स्वयंपाकिणीला आळणी म्हटलं तर ती मीठ वाढवील, हिनं करायचं काय? चांदोरकर आजींनी हं म्हटलं, आणि ते हं दिवाळीपर्यंत साऱ्या गावात फिरलं. आणि फिरता फिरता त्याला हातपाय फुटले. कुणी म्हणालं, एका बाळाची मान लचकली. कुणी म्हणालं, टाळू दाबली गेली. शकुबाईच्या कानावर हे यायचं, कुणीकुणी तिलाच विचारायचं, आणि ती तोंडानं काही बोलायची नाही. नुसता सुस्कारा सोडायची. सुस्काऱ्यानं जे होतं ते शंभर शब्दांनी होत नाही.

फुलाच्या दारातली पावलं थांबली. तिनं काही दिवस वाट बघितली, एकदा शकुबाईलाच विचारलं, अक्का, माझं काही चुकलं का, आणि शकुबाई म्हणाली, घरंच कमी आलीत औंदा. मागं फळीवर नारळ दाटीवाटीनं बसलेले. फुलानं ते बघितले आणि गप घरी गेली. कार्तिकात ती सहादूबरोबर पिंपळगावला जाऊ लागली. सकाळच्या थंडीत डोक्याला फडकं बांधून ती टेम्पोत चढताना शकुबाईनं दाराच्या फटीतून बघितलं. खोटं कशाला बोला, गार वाटलं तिला. आता सगळे नारळ माझे, ह्या विचारानं ती त्या दिवशी गाणं म्हणत पाणी तापवत बसली.

आता ऐका चूक कुठं झाली ती. शकुबाईचा सगळा हिशेब फळीचा. फळीवर नारळ असेल तर घर आहे, नसेल तर नाही. पण पोटच्या लेकीनं आईला नारळ द्यायचा असतो का? ती घरचीच. कौसल्याचं बाळंतपण माहेरी होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, डोहाळजेवण झालं, दुपटी शिवून झाली, पण फळीवर तिच्या नावची जागा कुणीच धरली नाही. माघात तिचे दिवस भरणार, तोवर दोन घरं सुटतील, असं शकुबाईनं धरलं होतं. कौसल्या बाळंत झाली पौषात, दिवस भरायच्या वीसेक दिवस आधी. मुलगा झाला. मांजराच्या पिलाएवढा, रडला तरी शेजारी ऐकू जायचा नाही. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकच सांगितलं, ह्याला ऊब द्या आणि आईला खाऊपिऊ घाला.

आणि शकुबाईची सकाळ भरलेली. चांदोरकरांची सून, सराफ बाजारातलं एक घर, पंचवटीतली दोन. सगळ्या ओल्या बाळंतिणी, कुणालाच सोडता येईना. पौषातली नाशिकची थंडी, घरं करायला निघण्याआधीच्या अंधारात तेवढ्या नाजूक जिवाला उघडं करायची सोय नाही. म्हणजे आपली लेक शेवटी. चार घरं करून ही धापा टाकत परत यायची तेव्हा दुपार कललेली असायची. तोवर कौसल्या अंगाला आंबूस वास घेऊन, उपाशी, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारची कुणी दोन घास खा म्हणाली तरी ऐकायची नाही, न्हाल्याशिवाय खायचं नाही हे आईनंच शिकवलेलं. दूध आटत चाललं. शकुबाई थकल्या हातांनी नातवाला पायावर घ्यायची, आणि तो बारीक आवाजात रडत राहायचा, हात-पाय आकसून घ्यायचा. परक्यांची पोरं गुबगुबीत करून आलेली बाई आपल्या नातवाच्या फासळ्या मोजत बसायची.

निवृत्ती म्हणाला, फुलाला सांग ना, ती पिंपळगावचं बंद करील. शकुबाई त्याच्या अंगावर धावून गेली. कारण तिच्या मनात एकच भीती घर करून बसली होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. कुलथ्यांचा पोरगा फुलाच्या पायावर झोपला, तो परका. आपला नातू झोपला तर? आपल्या हातात रडणारं आपलंच रक्त तिच्या हातात शांत झालं तर जगायचं कसं? फुला संध्याकाळी परत आली की उंबऱ्यावर उभी राहून बाळाकडे बघायची. हात पदराखाली, आत पाऊल नाही, घेऊ का म्हणून विचारणं नाही. शकुबाई मनात म्हणायची, बघा रुबाब. बोलवण्याची वाट बघतेय महाराणी.

तिनं दुसरी तोड काढली. आपल्या लेकीला कुणाच्या हातात द्यायचं नाही, त्यापेक्षा एखादं घरच फुलाला देऊन टाकावं. गेली चांदोरकरांकडे आणि म्हणाली, उद्यापासून माझी जाऊ येईल, माझी लेक खोळंबलीय. चांदोरकर आजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, तुम्हीच मला सांगितलंत ना, तिचा हात जड म्हणून? आणि आता माझ्या नातवाला तिच्या हातात देता?"

शकुबाई पायऱ्या उतरली. दुसऱ्या घरी गेली, तिथं तेच. तिसऱ्या घरी मान लचकलेल्या बाळाची गोष्ट तिला पुन्हा ऐकावी लागली, तीही तिखटमीठ लावून. चौथ्या घरी ती गेलीच नाही. आपणच लावलेलं झाड, फळं कडू म्हणून तक्रार कुणाकडे करायची?

त्यात अमावास्येला चांदवडहून विहीण आली, सुमनबाई. नातवाला बघायला बारशापर्यंत थांबवेना तिला. ती आली तेव्हा शकुबाई घरं करायला गेलेली. ऊन उतरेपर्यंत सुमनबाई सुनेच्या उशाशी बसून होती, सगळं डोळ्यांनी बघत होती. शकुबाई घाईनं आत शिरली, पदर खोचून बंबाला लाकूड घालायला लागली, तशी ती उठली.

"विहीणबाई, राग मानू नका," सुमनबाई म्हणाली. "सगळ्या नाशकाला न्हाऊ घालता तुम्ही, आन् माझी सून इथं उपाशी बसलीय. लेकरू बघा कसं आकसलंय. आमच्या शेजारी न्हाऊ घालणारी म्हातारी हाय. उद्या माझ्या गोरक्षला जीप घेऊन बोलावते आन् दोघांना चांदवडला नेते."

शकुबाईच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यातून ही शकुबाईची लेक. ओली बाळंतीण, अशक्त बाळ, एवढ्या थंडीत जीपमधून चांदवड, आणि का, तर आईला वेळ नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, ते तर झालंच. पण पोर वाटेत गारठलं तर? खाटेवरून कौसल्या हळूच म्हणाली, काकीला बोलवा ना, आज अमावास्या, मार्केट बंद, ती घरीच हाय.

"तुझ्या काकीचा हात जड हाय म्हनत्यात," सुमनबाई म्हणाली. "चांदवडपत्तुर आलंय ते. कुणाची तरी मान लचकवली म्हनं. माझा नातू मी नाय देणार तिच्या हातात."

कौसल्यानं आईकडे बघितलं. सुमनबाईनंही बघितलं. बंबातलं पाणी खदखदायला लागलं होतं. सुस्कारा सोडून भागण्यासारखं आता काही नव्हतं.

"जड न्हाय तिचा हात," शकुबाई म्हणाली. "कुणाची मान लचकली न्हाय. मीच म्हणाले तसं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय, म्हणून म्हणाले."

 सुमनबाईनं विहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या तोंडावर आलेलं तिनं गिळलं, तेवढा मोठेपणा त्या बाईत होता. मग म्हणाली, बोलवा तिला.

शकुबाई स्वतः गेली. इतक्या महिन्यांत तिनं भिंतीपलीकडच्या घरात पाय ठेवला नव्हता. फुला भांडी घासत होती. ही दारातूनच म्हणाली, चल, पोराला न्हाऊ घालायचंय, आणि वळली. माफीबिफी काही नाही. फुला मागोमाग आली आणि उंबऱ्याशी नेहमीसारखी थांबली.

"आत ये ना," शकुबाई म्हणाली. "घे ह्याला. मी समदं सांगितलंय ह्यांना."

फुलानं पदराखालचे हात बाहेर काढले आणि तळवे वर करून पुढे धरले. गोण्यांची तोंडं शिवायचं काम दिलं होतं तिला आडतीवर. दिवसभर सुतळी आणि दाभण. सुतळीनं बोटांची पेरं कापून कापून भेगा पडल्या होत्या, भेगांत काळं बसलं होतं, आणि तळव्यांची कातडी वाळून टणक झाली होती. म्हणून ती बाळाला घेत नव्हती. शकुबाईला तो रुबाब वाटला होता.

"तुम्ही म्हणत व्हता तवा नव्हता, अक्का," फुला म्हणाली. "आता झालाय जड."

सुमनबाईनं पुढे होऊन तिचा एक हात हातात घेतला, अंगठ्यानं तळवा चाचपला आणि सोडून दिला. तिचे डोळे भरून आले होते, पण होकाराची मान तिनं नाहीच हलवली. कौसल्या रडायला लागली. शकुबाई मात्र बोलत सुटली. तिळाचं तेल लावू, साय चोळू, मेण लावून रात्री फडकं बांधू, महिनाभरात कातडी पहिल्यासारखी होईल, मी स्वतः चोळते, बस इथं. ती तेलाची वाटी घेऊन आलीसुद्धा. फुलानं हात मागे घेतले. महिनाभरानं पोराला कशाला लागायचेत माझे हात, एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तरी शकुबाईला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर जावई गोरक्ष ओळखीची जीप घेऊन आला. कौसल्याला गोधडीत गुंडाळून मागे बसवलं, डोक्याला फडकं, कानात कापूस. फुला त्या दिवशी पिंपळगावला गेली नाही. सुमनबाई बाळाला छातीशी धरून जीपमध्ये चढायला लागली, तशी फुला पुढे आली आणि तिनं पालथ्या हातानं, जिथली कातडी अजून मऊ होती तिथून, त्याच्या गालाला जेमतेम स्पर्श केला. बाळानं झोपेतच तिकडे तोंड फिरवलं. आणि काय सांगावं मेल्या मनाचं, लेक चाललीय, नातू चाललाय, आणि त्या घटकेलासुद्धा शकुबाई पुन्हा तशीच जळली. जीप आग्रा रोडला लागली तेव्हा दोघी जावा दारात शेजारी शेजारी उभ्या होत्या.

चांदवडच्या म्हातारीनं सव्वा महिना न्हाऊ घातलं. बाळ वाचलं, बाळसंही धरलं, असा निरोप आला. शकुबाईला बघायला बोलावलं होतं, पण तिची सकाळ भरलेली. फुला पुन्हा टेम्पोनं जाऊ लागली. शकुबाईनं दोनदा फळीवरचा नारळ उचलून तिच्या दारात नेला आणि दोन्ही वेळा फुलानं नमस्कार करून तो परत दिला. पोटुशीचा नारळ परतवायचा नसतो हे तिलाही ठाऊक होतं. तो माझ्याकडे आलाच नाही अक्का, तुमच्याकडे आलाय, म्हणायची.

माघ संपता संपता चांदोरकरांकडचे दिवस पुरे झाले. शेवटच्या न्हाण्याला आजी स्वतः पाटाशी बसल्या होत्या. बाळ शकुबाईच्या पायावर निवांत, तेलानं चकचकीत, डोळे मिटत चाललेलं. पाणी घालून झालं, अंग पुसून झालं, तरी रडलं नाही. आजी खूश झाल्या. खणाची घडी शकुबाईपुढे ठेवत म्हणाल्या, "असा हात पंचवटीत दुसरा नाही हो."

शकुबाईनं बाळाला दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं.

"होता," ती म्हणाली. "माझ्या शेजारच्याच घरात होता."